हेम्प ऑइल, सीबीडी ऑइल, विजया तेल: घरातल्या तीन बाटल्या आणि त्यांच्यातला फरक

प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरच्या एका ताईंनी विचारलंय की आईंचं वय 74, दोन्ही गुडघे दुखतात, रात्री झोप धड लागत नाही, आणि आता घरात तीन बाटल्या जमल्यात. एक हेल्थ फूडच्या दुकानातून आणलेली 250 एमएलची "कोल्ड प्रेस्ड हेम्प सीड ऑइल", दुसरी भाच्याने न्यू जर्सीहून येताना बॅगेत टाकून आणलेली ड्रॉपरवाली "फुल स्पेक्ट्रम हेम्प ऑइल 1000 एमजी", आणि तिसरी ऑनलाइन मागवलेली, जिच्यावर "विजया" लिहिलंय आणि जिच्यासाठी आधी व्हिडिओ कॉलवर एका वैद्यांनी पाचेक मिनिटं बोलून प्रिस्क्रिप्शन पाठवलं. तिन्हीत फरक काय, कुठली द्यायची, आणि हे गांजाचं तेल तर नाही ना, उद्या पोलिसांचं लफडं मागे लागणार नाही ना. आणि हो, आईंना हार्टच्या व्हॉल्व्हमुळे रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रॉम चालू आहे हे ताईंनी सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंय, खरं तर तेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. त्याच्यावर येतोच.

मी फार्मसीवाला माणूस. भोसरीत वनस्पतींचे एक्स्ट्रॅक्ट काढणं आणि नंतर ते तपासणं यातच बहुतेक नोकरी गेली. डॉक्टर नाही, त्यामुळे आईंना किती थेंब द्या हे मी सांगणार नाही. पण बाटलीत काय असतं आणि लेबलवर काय लिहितात यातलं अंतर मी जवळून बघितलंय, तेवढं नीट सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की हेम्प म्हणजे एक झाड आणि गांजा म्हणजे दुसरं झाड. झाड एकच, कॅनाबिस सटायव्हा. ज्या वाणांमध्ये टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) अगदी कमी असतं त्यांना कायद्याच्या सोयीसाठी हेम्प म्हणतात. अमेरिकेत 2018 च्या फार्म बिलात ही रेघ वाळलेल्या मालाच्या वजनावर 0.3 टक्के टीएचसीला मारली, युरोपात 2023 पासून तीच आहे, आपल्याकडे उत्तराखंडने 2018 मध्ये शेतीचं पहिलं लायसन दिलं तेव्हाही 0.3 च. हा आकडा काही निसर्गाने ठरवून दिलेला नाहीये, 1976 मध्ये अर्नेस्ट स्मॉल नावाच्या कॅनडातल्या वनस्पतीशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्याबरोबर वर्गीकरणासाठी ही रेघ ओढली होती, आणि पुढे बऱ्याच सरकारांनी तीच उचलली. त्यामुळे लेबलवर हेम्प आहे की कॅनाबिस यावरून फार काही कळत नाही. विचारायचा पहिला प्रश्न असा, की तेल झाडाच्या कुठल्या भागातून काढलंय, बी मधून की फुला-पानांमधून? इथेच नव्वद टक्के घोळ मिटतो.

याला आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे खसखस. अनारशावर लावतो ती खसखस अफूच्याच बोंडातली असते, पण अनारसे खाऊन कुणी झिंगत नाही, कारण अफू म्हणजे बोंडाला चीर दिल्यावर बाहेर येणारा चीक, तो बी मध्ये नसतो, बी ला बाहेरून जरासा लागलेला असतो एवढंच. हेम्पच्या बी चं अगदी तसंच आहे. टीएचसी, सीबीडी (कॅनाबिडिऑल, याच झाडातलं पण नशा न आणणारं द्रव्य) ही सगळी मंडळी फुलाच्या आसपास जे बारीक चिकट केस असतात, भिंगातून बघितलं तर काचेच्या टाचणीसारखे दिसतात, त्यांच्या डोक्यातल्या राळेत तयार होतात. बी च्या आत ही ग्रंथीच नाही. मळणीत राळ बी ला चिकटते, बी नीट साफ केलं नाही तर तेवढा अंश तेलात उतरतो. कुमाऊंची ट्रिप केलेल्यांनी तिथली भांगेच्या बियांची चटणी खाल्ली असेलच, छान खमंग लागते, नशा वगैरे काही नाही.

म्हणजे पहिली बाटली, सीड ऑइल, हे खायचं तेल आहे. औषध नाही. एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोव्हेंबर 2021 मध्ये हेम्पचं बी, बी चं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली आणि मर्यादा घालून दिली, तेलात टोटल टीएचसी किलोला 10 एमजीच्या वर नको, बी मध्ये 5 एमजी. हिशोब करून बघा, 250 एमएलची बाटली म्हणजे साधारण 230 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या बाटलीत जास्तीत जास्त सव्वादोन एमजीच्या आसपास, एक मोठा चमचा घेतला तर 0.15 एमजीसुद्धा नाही. सीबीडीसुद्धा किलोला 75 एमजीच्या वर चालत नाही, म्हणजे ज्या सीबीडीच्या नावाने लोक हे तेल गुडघ्यासाठी घेतात ते त्यात जवळजवळ नसतंच, आणि असू नये असाच नियम आहे. लेबलवर भांगेच्या पानाचं चित्रही छापायचं नाही, नशेचा किंवा तसल्या परिणामाचा इशाराही द्यायचा नाही. दुकानात हेम्प सीड ऑइलवर मोठं पाच बोटांचं पान छापलेलं दिसलं तर समजा की त्या कंपनीने नियम वाचलेलेच नाहीत किंवा वाचून सोडून दिलेत, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी ते तेल घरात आणणार नाही.

मग सीड ऑइलमध्ये असतं काय? ओमेगा-6 आणि ओमेगा-3, साधारण तीनास एक, शिवाय थोडं गॅमा लिनोलेनिक ॲसिड. चांगलं तेल आहे, सॅलडवर, भाकरीबरोबर चटणीवर घालून खा, फोडणी मात्र नको, ते लवकर जळतं आणि कडू होतं. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर फक्त ओमेगा-3 साठी एवढे पैसे घालवायचं कारण दिसत नाही. हेम्पच्या तेलात ते 15 ते 20 टक्के, जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त. मंडईतून जवस आणा, भाजून चटणी करा, आईंना चवही ओळखीची लागेल. हेम्प सीड ऑइल महाग विकलं जातं ते त्यातल्या चरबीमुळे नाही, नावामुळे.

आता दुसरी बाटली, ही खरी गोंधळाची. सीबीडी ऑइल हे फुलं आणि पानांमधून काढतात. माल वाळवून, बारीक करून, कार्बन डायऑक्साइडने (खूप दाबाखाली) किंवा इथेनॉलने राळ बाहेर काढायची, मग ती अल्कोहोलमध्ये घालून डीप फ्रीज करायची म्हणजे मेण खाली बसतं, ते गाळायचं, मग अल्कोहोल उडवायचं. उरतो तो मधासारखा घट्ट, काळपट, नाकात बसणारा अर्क. झाडात सीबीडी आणि टीएचसी हे त्यांच्या ॲसिडच्या रूपात असतात, सीबीडीए आणि टीएचसीए, आणि हे टीएचसीए तसं नशा आणत नाही, शंभर-एकशेवीस डिग्रीला तापवलं की कार्बन डायऑक्साइड सुटून त्याचं टीएचसी होतं. म्हणून मधे कुठेतरी हा अर्क तापवतात. शेवटी तो कुठल्यातरी साध्या तेलात पातळ करतात, बहुतेक वेळा नारळापासून काढलेल्या एमसीटी तेलात. काहीजण पातळ करायलाच हेम्प सीड ऑइल वापरतात, आणि मग लेबलवर दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत आल्यामुळे गिऱ्हाइकाचा पार गोंधळ उडतो.

फुल स्पेक्ट्रम म्हणजे अर्कात जे आलं ते सगळं ठेवलं, टीएचसीसकट. ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे टीएचसी काढून टाकलं असं म्हणणं. आयसोलेट म्हणजे फक्त सीबीडीची पांढरी पावडर तेलात विरघळवलेली, तिला वास-चव जवळजवळ नसते, आणि तीव्रता जास्त असेल तर थंडीत बाटलीच्या तळाशी खडे धरतात. टर्पीन्स, "आंतूराज इफेक्ट" वगैरे जे सेल्समन सांगतात त्यात मी इथे शिरत नाही, आईंच्या गुडघ्याला त्याचा काही उपयोग नाही.

भाच्याने आणलेल्या बाटलीवर "हेम्प ऑइल 1000 एमजी" आहे. हजार एमजी कशाचे, हे बघा. "कॅनाबिडिऑल 1000 एमजी" किंवा "सीबीडी 1000 एमजी" असं लिहिलं असेल तर 30 एमएलमध्ये 1000, म्हणजे एका एमएलला, म्हणजे जवळपास एका भरलेल्या ड्रॉपरला, 33 एमजी. नुसतं "हेम्प ऑइल 1000 एमजी" किंवा "हेम्प एक्स्ट्रॅक्ट 1000 एमजी" असेल तर त्याचा अर्थ एक ग्रॅम हेम्पचं तेल, आणि त्या एका ग्रॅमात सीबीडी किती हे देवालाच ठाऊक. ऑनलाइन तर तीन लाख एमजी वगैरे लिहिलेल्या बाटल्या दिसतात, अहो 30 एमएलच्या बाटलीत पूर्ण भरलं तरी 28 ग्रॅम म्हणजे 28 हजार एमजी तेल मावतं, तीन लाख कुठून येणार? असलं लेबल बघितलं की पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही.

फुल स्पेक्ट्रममध्ये आणखी एक मेख आहे. 0.3 टक्के ऐकायला नगण्य वाटतं, पण ही रेघ शेतातल्या वाळलेल्या झाडासाठी काढलेली होती आणि बाजाराने ती तेलाच्या बाटलीला लावली. 28 ग्रॅम तेलाचे 0.3 टक्के म्हणजे 84 एमजी टीएचसी. कोलोरॅडोसारख्या राज्यात, जिथे गांजा कायदेशीर आहे, तिथे खायच्या वस्तूचा एक डोस 10 एमजी टीएचसी धरतात. म्हणजे "हेम्प" म्हणून उघड विकल्या गेलेल्या बाटलीत असले आठ डोस बसू शकतात. आपल्या एफएसएसएआयच्या सीड ऑइलच्या मर्यादेशी ताडून बघितलं तर ते तीनशे पट. अमेरिकेलाही हे उशिरा का होईना कळलं, नोव्हेंबर 2025 मध्ये तिथे हेम्पची व्याख्या बदलणारा कायदा झाला, टोटल टीएचसी धरायचं आणि तयार मालाच्या एका पॅकमध्ये 0.4 एमजीच्या वर नको, लागू व्हायला एक वर्षाची मुदत देऊन. त्याआधीचा जो माल बॅगांमधून इकडे आलाय त्याला हे काही लागू नव्हतं. आणि भाच्याने बरोबर गमीज पण आणल्या असतील तर त्यावर "डेल्टा-8" लिहिलंय का बघा, ते सीबीडीवर ॲसिडची प्रक्रिया करून बनवलेलं नशेचंच द्रव्य आहे, हेम्पच्या नावाखाली विकलेलं. तशी बरणी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, गोळ्या-चॉकलेटसारखी दिसते.

लेबलवर विश्वास किती ठेवायचा? 2017 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक तपासणी आली होती, ऑनलाइन विकत घेतलेले 84 सीबीडी प्रॉडक्ट लॅबमध्ये तपासले, लिहिल्याप्रमाणे सीबीडी निघालं जेमतेम 31 टक्के मालात, बाकीच्यात कमी किंवा जास्त, आणि 18 नमुन्यांत टीएचसी सापडलं. आकडे आता जुने झाले पण चाल तीच आहे.

म्हणून रिपोर्ट मागायचा, सीओए म्हणतात त्याला, बॅचवार तपासणीचा कागद. तो कसा वाचायचा ते सांगतो कारण व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली की लोक वरचा लोगो आणि खालचा शिक्का बघतात आणि खूश होतात. आधी बॅच नंबर बघा, बाटलीच्या बुडावर किंवा बाजूला जो छापलाय तोच कागदावर आहे का. बऱ्याचदा एकाच जुन्या चांगल्या बॅचचा रिपोर्ट वर्षानुवर्षं सगळ्यांना पाठवत राहतात. मग टीएचसीच्या ओळीसमोर "एनडी" लिहिलेलं असतं, म्हणजे सापडलं नाही, लोकांना वाटतं शून्य. पण त्याच कागदावर एक बारीक कॉलम असतो एलओक्यू नावाचा, मशीन खात्रीने किती बारीक मोजू शकतं त्याची हद्द. ती हद्दच 0.1 टक्का असेल तर एमएलला एक एमजीच्या जरा खाली टीएचसी असलं तरी ते आकड्यात यायचंच नाही. मग बघा की तपासणी एचपीएलसीवर केलीय की जीसीवर (अर्कातली द्रव्यं वेगळी करून मोजणारी ही दोन मशीन्स). जीसीमध्ये नमुना तापतो, त्यामुळे टीएचसीएचं टीएचसी तिथल्या तिथे होतं आणि दोन्ही वेगळे दिसत नाहीत, एचपीएलसीवर वेगळे दिसतात आणि मग टोटल टीएचसी म्हणजे टीएचसी अधिक 0.877 गुणिले टीएचसीए असा हिशोब करतात. ज्याच्या कागदावर टीएचसीएची ओळच नाही, एलओक्यू नाही, शिसं-आर्सेनिक-कॅडमियम नाही, त्याचा कागद शोभेचा. जड धातूंचं मुद्दाम सांगतो कारण हे झाड जमिनीतले धातू चांगले ओढून घेतं, खराब जमिनी साफ करायला म्हणून सुद्धा ते लावून बघितलेलं आहे, आणि अर्क काढताना तो माल आणखी आटवला जातो.

घरी ओळखता येतं का? थोडंफार. सीड ऑइल हिरवट, अक्रोड-शेंगदाण्याच्या अंगाने जाणारा वास, जीभेवर तेलच लागतं. फुलाचा अर्क असेल तर राळेचा, ओल्या गवताचा उग्र वास आणि घशात कडवट चरचर. पण आयसोलेटला यातलं काही नाही, त्यामुळे नाकावर विसंबून राहू नका.

तिसरी बाटली, विजया. विजया म्हणजे भांगच, आयुर्वेदातलं नाव. हे काही नवीन फॅड नाही, जातिफलादी चूर्णात भांग असते आणि ते ग्रहणीसाठी वैद्य आजही देतात, शार्ङ्गधर संहितेत तर व्यवायी द्रव्याचं, म्हणजे पचायच्या आधीच अंगभर पसरणाऱ्या द्रव्याचं, उदाहरण म्हणून भांग आणि अफूच दिलीय. ज्याने कुणी भांग प्यायलाय त्याला हे पटेल. कायद्यात ही वाट अशी निघते: 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे, आणि शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ, आणि त्या व्याख्येत हॅशिश ऑइलचं नाव घालून ठेवलंय. त्यामुळे पानांपासून बनवलेलं, आयुष लायसनवर तयार केलेलं, वैद्यांच्या चिठ्ठीवर विकलेलं औषध कायद्यात बसतं. भांग ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्सच्या शेड्यूल ई(1) मध्ये आहे, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत (बिया सोडून), म्हणून बाटलीवर "वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे" अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती नसेल, किंवा आयुर्वेदिक उत्पादन लायसनचा नंबर नसेल, तर पैसे परत मागा. सीड ऑइलवर याच्या जागी एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असतो. आणि "आयुर्वेदिक आहे म्हणून भांग घरात ठेवली तरी चालते" असंही नाही बरं का, महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेला पण लागतो, लायसन लागतं.

पण विजयाबद्दल लोकांना सगळ्यात जास्त जो गैरसमज असतो तो हा, की आयुर्वेदिक आहे म्हणजे नशा नाही. उलट आहे. तिन्ही बाटल्यांपैकी टीएचसी सगळ्यात जास्त असण्याची शक्यता हिच्यातच. आपल्याकडची पानं ही काही 0.3 टक्क्यांची रेघ बघून लावलेल्या हेम्पची असतीलच असं नाही, आणि बऱ्याच विजया तेलांच्या लेबलवर सीबीडी आणि टीएचसीचं प्रमाण उघडच लिहिलेलं असतं, कधी कधी एकास एक. ते बेकायदा नाही, पण 74 वर्षांच्या बाईंना झोपताना देताना हे माहीत असायला हवं. पोटातून घेतलेलं टीएचसी चढायला तास-दोन तास लागतात, "काहीच झालं नाही" म्हणून लोक अजून चार थेंब घेतात आणि मग एकदम चढतं. बीपी खाली येतं, चक्कर येते, छाती धडधडते, म्हातारं माणूस रात्री दोनला बाथरूमला उठतं आणि पडतं. गुडघेदुखीचं निमित्त आणि खुब्याचं फ्रॅक्चर, हे व्हायला वेळ लागत नाही.

आता ॲसिट्रॉम. सीबीडी हे लिव्हरमधली जी एन्झाइम्स औषधं मोडतात त्यांना अडवतं. वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि ॲसिट्रॉम त्याच कुळातली गोळी, त्याच वाटेने मोडली जाणारी. आयएनआर वाढला म्हणजे रक्त जास्तच पातळ झालं, दात घासताना रक्त येण्यापासून मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे दुसरी आणि तिसरी बाटली ज्या कार्डिओलॉजिस्टने ॲसिट्रॉम लिहून दिलीय त्यांना दाखवल्याशिवाय उघडायचीच नाही, आणि व्हिडिओ कॉलवरच्या वैद्यांनी ॲसिट्रॉमबद्दल विचारलं होतं का हे आठवून बघा. विचारलं नसेल तर त्या प्रिस्क्रिप्शनची किंमत शून्य. फिट्सवर क्लोबाझाम किंवा व्हॅलप्रोएट चालू असलेल्यांनाही हेच सांगेन, पहिल्याने गुंगी वाढते, दुसऱ्याबरोबर लिव्हरचे आकडे चढतात.

फिट्सवरून आठवलं, सीबीडी हे अगदीच थोतांड आहे असंही माझं म्हणणं नाही. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एपिडिओलेक्स नावाचं, झाडापासूनच काढलेलं शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर केलं, लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्ससाठी, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ. त्याची ताकद बघा, एमएलला 100 एमजी, आणि डोस किलोमागे दिवसाला 10 ते 20 एमजी. म्हणजे 20 किलोच्या पोराला दिवसाला किमान 200 एमजी, तेही लिव्हरच्या तपासण्या करत करत. त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ पाच थेंब म्हणजे काय हे तुम्हीच ठरवा.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर त्याचाच नेमका अभ्यास झालाय. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या 86 पेशंटवर केला, 2023 मध्ये छापून आला. सगळ्यांना पॅरासिटामॉल, अर्ध्यांना वर रोज 600 एमजी सीबीडी, अर्ध्यांना दिसायला तसंच पण खोटं औषध, आठ आठवडे. दुखण्यात सीबीडीवाल्यांना जास्तीचा काही फायदा झाला नाही. रोज 600 एमजी म्हणजे भाच्याने आणलेली हजार एमजीची बाटली दोन दिवससुद्धा पुरली नसती, आणि एवढं देऊनही फरक नाही. मग दहा थेंबांनी आजींचे गुडघे मोकळे झाले म्हणून जे रिव्ह्यू असतात ते वाचताना जरा हात राखून. "हेम्प बाम" ने बरं वाटतं हे मात्र खरं असतं, पण मागचं लेबल वाचा, त्यात मेंथॉल आणि गंधपुऱ्याचं तेल असतं, काम ते करतं. आणि गंधपुरा म्हणजे सॅलिसिलेट, ॲसिट्रॉमवाल्यांनी तोसुद्धा रोज भरपूर चोळायचा नाही.

पोलिसांचं. सीड ऑइलला काही भीती नाही, बिल ठेवा. विजयाचं प्रिस्क्रिप्शन आणि बिल बाटलीबरोबर ठेवा, प्रवासात तर नक्कीच. अमेरिकेची बाटली ही खरी अडचण, तिकडे ती कायदेशीर होती याला इथे काही अर्थ नाही, फुलांपासून काढलेला टीएचसीवाला अर्क आपल्या कायद्यात गांजा-चरसाच्या बाजूला जातो आणि 0.3 टक्क्यांची सूट एनडीपीएसमध्ये कुठेही नाहीये. चरसाची "स्मॉल क्वांटिटी" 100 ग्रॅमपर्यंत, आणि त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलेलं आहे. 30 एमएलच्या बाटलीसाठी कुणी कर्वेनगरात दार ठोठावेल असं नाही, पण हात दाखवून अवलक्षण कशाला. भाच्याला सांगा पुढच्या वेळी बदाम आण. आणि दुबईमार्गे येणार-जाणार असेल तर त्याला हे जरा जोरातच सांगा, तिथे खसखस नेली तरी लोक अडकतात.

घरात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रॅक्टिस करणारं कुणी पोर असेल, किंवा नोकरीत युरिन टेस्ट होणारं कुणी असेल, तर फुल स्पेक्ट्रम आणि विजया त्यांच्यापासून लांब ठेवा. खेळाडूंसाठी सीबीडी 2018 पासून बंदीच्या यादीत नाही, पण टीएचसी स्पर्धेच्या काळात आहेच, आणि टेस्ट मशीनला ते गांजातून आलं की गुडघ्याच्या तेलातून हे कळत नाही.

तर ताई, असं करा. अमेरिकेची बाटली आईंना देऊ नका. विजया तशीच बंद ठेवा, पुढच्या आयएनआरच्या वेळी लेबलचा फोटो घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे जा, ते नाही म्हणायची शक्यता जास्त आहे, तशी तयारी ठेवा. झोपेचं आणि गुडघ्यांचं त्यांनाच तेव्हा विचारून घ्या, फिजिओचे मांडीचे व्यायाम आईंनी केलेत का, रात्री उशिरा चहा होतो का, लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जाते का, हे सगळं आधी. सीड ऑइल तुम्हीच संपवा सॅलडवर, आईंनी चमचाभर भाजीवर घेतलं तरी ते इतर खाण्याच्या तेलासारखंच, फक्त एकदम नवीन काही रोज भरपूर सुरू करायचं नाही हा ॲसिट्रॉमवाल्यांचा नेहमीचा नियम पाळा. बाटली फोडली असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा, खवट वास यायला लागला तर सरळ टाकून द्या, कितीही महाग असलं तरी.